घाम तिचा, पैसा शेजाऱ्यांचा

चांगल्या कामासाठी पैसे जमवायचे तर त्याला सायकल कशाला दामटायची? पावतीपुस्तक घ्यावे, चार घरे हिंडावी, झाले! आपल्याला असेच वाटते. गणपतीची वर्गणी मागायला येणारी मुले काही शंभर मैल सायकल चालवून येत नाहीत. पण इंग्लंड-अमेरिकेत गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे एक वेगळीच रीत रुळली आहे. ‘मी इतके मैल सायकल चालवते, त्याबद्दल तुम्ही अमक्या संस्थेला पैसे द्या,’ असे म्हणून चांगल्या संसारी बायका घराबाहेर पडतात. कुणी सायकलवर, तर कुणी घोड्यावर बसून थेट आफ्रिकेच्या रानात! यात हौस किती आणि दान किती, हे जरा उकलून पाहण्यासारखे आहे.

सुरुवात एका आईपासून करू. अमेरिकेत बॉस्टनकडे राहणाऱ्या बिली स्टार या तरुणाची आई १९७४ साली कॅन्सरने गेली. मेलानोमा, म्हणजे त्वचेवर सुरू होऊन शरीरभर पसरणारा कॅन्सर. मुलाला सायकलचे वेड. आईसाठी काही करायचे तर आपल्याला येते तेच करावे, असे त्याने ठरवले. १९८० साली ३६ सायकलस्वार जमले. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डहून ते निघाले आणि समुद्रात लांब घुसलेल्या भूशिराच्या टोकाला, प्रॉव्हिन्सटाउनला पोचले. अंतर २२० मैल. ओळखीपाळखीच्यांकडून जमलेले १०,२०० डॉलर त्यांनी बॉस्टनच्या डॅना-फार्बर कॅन्सर संस्थेला दिले. तीच फेरी आता ‘पॅन-मास चॅलेंज’ म्हणून ओळखली जाते. दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला हजारो स्त्री-पुरुष तिच्यात उतरतात. २०२४ सालापर्यंत जमलेली एकूण रक्कम शंभर कोटी डॉलरच्या वर गेली आहे.

यात एक गंमत आहे, बरं का. फेरीत नाव घालतानाच ‘मी निदान इतके डॉलर आणीन’ असे लिहून द्यावे लागते आणि आपल्या बँकेच्या कार्डाचा नंबरही द्यावा लागतो. ठरलेल्या तारखेपर्यंत रक्कम भरली नाही, तर उरलेले पैसे मुकाट्याने आपल्याच खात्यातून वळते होतात. ‘बघू, जमतील तेवढे देऊ,’ ही भाषा तिथे चालत नाही.

इंग्लंडमधली लंडन ते ब्रायटन ही फेरी त्या मानाने घरगुती. ती १९७६ साली सुरू झाली, आणि १९८० पासून ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या हृदयरोगावरच्या संस्थेसाठी पैसे गोळा करू लागली. अंतर ५४ मैल, म्हणजे साधारण नाशिकहून शिर्डीला जावे एवढे. रस्ता तसा सोपा, पण ब्रायटन जवळ आले की डिचलिंग बीकन नावाची टेकडी आडवी येते. पाय थकलेले असतात, घसा सुकलेला असतो, आणि नेमका तेव्हाच मैलभराचा उभा चढ! कितीतरी जणी तिथे खाली उतरून सायकल हाताने ढकलत नेतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. वर पोचले की समोर समुद्र दिसतो.

आता यात भाग घेणाऱ्या सगळ्या काही खेळाडू नसतात. पन्नाशीतल्या शिक्षिका, परिचारिका, दोन मुलांच्या आया. शाळा सुटल्यापासून सायकलला हात न लावलेल्याही असतात. म्हणून तयारी तीन-चार महिने आधीपासून. पहिल्या रविवारी दहा मैल, मग पंधरा, मग पंचवीस. पायांपेक्षा जास्त त्रास होतो तो बसण्याचा. बायकांचे कमरेखालचे हाड पुरुषांपेक्षा रुंद असते, आणि साध्या सायकलीची सीट बहुधा पुरुषाच्या बेताने केलेली असते. तेव्हा जरा रुंद सीट बसवून घ्यावी. आत गादी शिवलेली खास चड्डी मिळते, ती घालावी, आणि तिच्या आत दुसरे काही घालू नये. शिवणी काचतात, कातडी सोलवटते. लाजून हे कुणी सांगत नाही आणि मग दुसऱ्या दिवशी बाईला खुर्चीवर बसवत नाही! भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, हा दुसरा नियम. तिकडे केळी आणि ओटच्या वड्या खातात. आपला गूळ-शेंगदाण्याचा लाडू या कामाला तितकाच चांगला.

पण अवघड भाग सायकलचा नव्हेच. अवघड आहे ते मागणे. स्वतःसाठी नसले तरी हात पसरताना जीभ अडखळतेच. म्हणून तिकडच्या बायका नुसते मागत नाहीत, काहीतरी पुढे करतात. ऑफिसात केक करून नेतात आणि तुकडा-तुकडा विकतात. जुन्या कपड्यांचा, खेळण्यांचा बाजार भरवतात. घाम गाळणे हाही त्याच हिशेबातला प्रकार. मी फुकट मागत नाही, कष्ट करते आहे, असे ती सांगू शकते. देणाऱ्यालाही ‘आपली अमकी ब्रायटनपर्यंत पोचली का?’ याची उत्सुकता लागून राहते. पेटीत नाणे टाकणाऱ्याला ती कुठली?

आपल्याकडेही सायकल आणि समाजकार्य यांची जोडी जमलेली आहे. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे ‘भारत जोडो’ म्हणत कन्याकुमारीहून निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर तरुण मुले होती तशा मुलीही होत्या, आणि त्या सायकलींवर होत्या. पाठीच्या दुखण्याने बाबा स्वतः गाडीत. तो प्रवास पैशांसाठी नव्हता, देश जोडण्यासाठी होता. अंग झिजवून पैसा उभा करण्याची तऱ्हा आपल्याकडे जास्त दिसली ती २००४ पासूनच्या मुंबई मॅरेथॉनमुळे.

आता घोड्याकडे वळू. सफारी हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला, अर्थ प्रवास. आपली ‘सफर’ही त्याच अरबी मुळातून आलेली. घोड्यावरच्या सफरींसाठी केनिया आणि बोट्स्वाना हे देश नावाजलेले. बोट्स्वानातल्या ओकावांगोचे तर नवलच आहे. ही नदी समुद्राला मिळतच नाही, वाळवंटाच्या काठावर पसरून जिरून जाते. वर अंगोलाच्या डोंगरात पडलेला पाऊस वाहत वाहत इथे पोचायला काही महिने लागतात, म्हणून इथला पूर येतो तो ऐन कोरड्या हिवाळ्यात. घोडे पोटापर्यंत पाण्यात शिरतात, स्वार पाय वर घेऊन बसतात. झेब्रे, जिराफ फारसे बिचकत नाहीत. मोटारीला जे जनावर लांबूनच टाळते, ते घोड्याला आपल्यातलाच एक समजून जवळ येऊ देते.

हे वाचून कुणाच्या मनात ‘आपणही जावं’ असं आलं असेल, तर थांबा! त्याच रानात सिंह आहेत, हत्ती आहेत, रागीट म्हशींचे कळप आहेत. वाटाड्या पुढे असतो, पण प्रसंग आला तर घोडा भरधाव पळवून स्वतःचा जीव स्वतःच वाचवता आला पाहिजे. म्हणून अशा ठिकाणी नवशिक्यांना घेत नाहीत. वजनाचीही मर्यादा असते, ती घोड्याच्या पाठीसाठी. दिवसाला पाच-सहा तास खोगिरावर काढायचे. मांडीची आतली बाजू सोलवटू नये म्हणून जाणत्या बायका विजारीखाली गुळगुळीत लांब मोजे चढवतात.

आणि इथेच पैशाचा प्रश्न उभा राहतो. लंडन-ब्रायटनला जाणारी बाई डबा घेऊन निघते, फार तर परतीचा प्रवासखर्च. आफ्रिकेतल्या सफारीला विमान, तंबू, आचारी, घोडे, वाटाडे. हा खर्च कोण करतो? याचे दोन मार्ग आहेत. एकात ती बाई सगळा खर्च पदरचा करते आणि जमलेला पैन्‌पै संस्थेला जातो. दुसऱ्यात ती ठरावीक रक्कम जमवून देते, आणि संस्था त्याच रकमेतून तिच्या सहलीचे बिल भागवते. उरेल ते कामाला. दुसरा मार्ग बेकायदा नाही. पण शेजारीण कॅन्सरच्या रुग्णांसाठी म्हणून पैसे देते आणि त्यातल्या काही पैशांत दुसरीच बाई जिराफ बघून येते, हे तिला आधी कळायला नको का? इंग्लंडमधल्या निधी गोळा करण्याच्या नियमावलीत ते देणाऱ्याला सांगावे, असे म्हटलेलेच आहे.

तिथल्या करखात्याने तर नेमके बोट ठेवले आहे. तिकडे ‘गिफ्ट एड’ म्हणून सोय आहे. कर भरणाऱ्याने एक पौंड दान दिला की सरकार त्या संस्थेला वरून पंचवीस पेन्स देते. मात्र सहलीचा खर्च संस्था करत असेल, तर सहलीला जाणारीचा स्वतःचा, तिच्या नवऱ्याचा, आईवडिलांचा, भावंडांचा, मुलांचा पैसा या सवलतीला चालत नाही. नवऱ्याने बायकोच्या सहलीला दिलेले पैसे म्हणजे दान नव्हे, हे सरकारलाही कळते!

पण म्हणून खर्च म्हणजे पाप असेही म्हणून चालणार नाही. अमेरिकेत डॅन पॅलोटा यांनी १९९४ साली सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी एड्सच्या रुग्णांसाठी सायकलफेरी काढली. पहिल्याच वर्षी ४७८ स्वार आले. पुढे त्यांच्या कंपनीने स्तनाच्या कॅन्सरसाठी तीन दिवसांच्या पदयात्राही काढल्या. मोठ्या जाहिराती, तंबूंची गावे, गरम पाण्याची आंघोळ, डॉक्टर, सगळे साग्रसंगीत. कोट्यवधी डॉलर जमले, पण खर्चावरून टीकाही भरपूर झाली, कारण काही फेऱ्यांत जमलेल्यातला लहानसाच वाटा रुग्णांपर्यंत गेला. २००२ साली कंपनी बंद पडली. पदयात्रा मग पुरस्कर्त्या कंपनीने स्वतःच चालवल्या. पॅलोटा यांनी २०१३ च्या एका भाषणात सांगितले, की त्यानंतर एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या संशोधनाला मिळणारी निव्वळ रक्कम ८४ टक्क्यांनी घटली. हिशेब त्यांचा स्वतःचा आहे, तेव्हा जरा बेतानेच घ्यावा. तरी मुद्दा खोटा नाही. मांडवच घातला नाही तर पाहुणे कुठून येणार? मला विचाराल तर बॉस्टनची तऱ्हा सर्वांत सरळ वाटते. तिथे मांडवाचा खर्च नावनोंदणीच्या फीमधून आणि कंपन्यांच्या देणग्यांतून निघतो, आणि स्वाराने मागून आणलेला प्रत्येक डॉलर संस्थेला जातो.

आणि घोड्याचे काय? त्याच्या पाठीवर बसून आपण दान करायचे, त्याचे कुणी पाहिले का? डॉरथी ब्रुक या बाईंनी पाहिले. सेनाधिकाऱ्याची ही पत्नी १९३० साली कैरोला गेली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेले आणि नंतर तिथेच विकून टाकलेले घोडे तिने पाहिले. म्हातारे, लंगडे, बरगड्या वर आलेले, तरी ओझी ओढणारे. १९३१ मध्ये तिने लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहिले. वाचकांनी पैसे पाठवले आणि तीन वर्षांत सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले गेले. बहुतेक इतके खंगलेले होते की त्यांना शांतपणे मरण देणे हीच दया होती. १९३४ साली तिने कैरोत जनावरांचा दवाखाना काढला. त्याच ब्रुक संस्थेचे काम भारतातही चालते, वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या घोड्या-गाढवांसाठी. ना सायकल, ना सफारी. बाईने एक पत्र लिहिले, एवढेच.

आता आपल्यापैकी अनेकींच्या भाच्या-पुतण्या परदेशी आहेत. ‘मावशी, मी सायकल चालवणार आहे, किती लिहू तुझ्या नावावर?’ असा निरोप केव्हाही येईल. आला तर न संकोचता विचारा, की तुझ्या तिकिटाचे पैसे कोण देतंय, संस्थेच्या हाती किती उरणार, आणि पैसे तुझ्या खात्यात जाणार की थेट संस्थेच्या? घोड्यावर जाणार असेल तर घोडा कुणाचा आणि त्याला विश्रांती किती, हेही. चांगली पोर रागावणार नाही, चटकन सांगेल. मग जमेल ती रक्कम लिहा, संस्थेच्या नावाची पावती मागा. आणि हो, ती गादीची चड्डी घेतलीस का, हेही विचारून ठेवा.