सर्बेरस: येऊ देणारा, पण जाऊ न देणारा

राखणदार म्हटला की तो बाहेरच्याला आत येऊ देत नाही, असं आपण धरून चालतो. ग्रीक पुराणकथांतला सर्बेरस नेमका उलटा. हेसिअड त्याला ५० डोकी देतो आणि सांगतो, की पाताळात येणाऱ्यापुढे हा कुत्रा शेपूट हलवतो. परत निघालेल्याला मात्र खाऊन टाकतो. मरणाचं दारही असंच एकतर्फी असतं.

आता २०२० सालचा 'हेडीस' हा व्हिडिओ गेम पाहू. पाताळाच्या राजाचा मुलगा झॅग्रिअस घरातून पळू पाहतो. वाटभर लढाया, पण पृथ्वीवर जाणाऱ्या दाराशी तीन तोंडांचा सर्बेरस आडवा बसलेला असतो, तिथे लढाई होतच नाही! शेजारच्या भुयारांतून एक पिशवी शोधून त्याला खाऊ म्हणून द्यायची, की तो वाट सोडतो.

ही युक्ती जुनीच आहे. व्हर्जिलच्या 'इनीड'मध्ये सिबिल त्याच्यापुढे मध घातलेली, गुंगीची वडी टाकते. हेराक्लिसने मात्र त्याला बळानेच वर ओढून आणलं. गेमने बळाची वाट का घेतली नाही? कारण झॅग्रिअसच्या लेखी तो राक्षस नव्हेच, घरचा कुत्रा आहे. घरी असताना आपण त्याला कुरवाळतोसुद्धा. शत्रूचा पहारा मोडता येतो. आपल्याच माणसाचा मोडायचा नसतो, त्याला समजावूनच पुढे जावं लागतं.