यंत्रसूर, लेखांक ६ : गाळून उरलेलं संगीत

मागच्या लेखांकात आपण किंग्स्टनच्या किंग टबीचं काम पाहिलं. मूळचा हा विद्युत उपकरणं दुरुस्त करणारा कारागीर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने तयार गाण्यांतून गायकाचा आवाज काढला, बेस आणि ड्रम पुढे आणले आणि मोकळ्या जागेत प्रतिध्वनी सोडला. त्यालाच डब म्हणतात. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एकहाती ध्वनिमुद्रिका म्हणजे मुंबईच्या चरणजित सिंग यांची १९८२ची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ती डब नाही; तिथे प्रतिध्वनीचा तसा खेळ नाही. पण गाळण्याची वृत्ती तीच आहे. चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बेस गिटारही वाजवत. तिथे व्हायोलिनच्या ताफ्याखाली बेस दबून जायचा. इथे गायक नाही, तबला नाही, ताफा नाही. रोलँडची तीन यंत्रं आहेत : ८०८वर ठेका, ३०३वर बेस, ज्युपिटर-८वर राग. ३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असते, आणि एरवी कोरडं वाटणारं हे यंत्र त्या घसरणीत मींडेच्या अगदी जवळ येतं. २०१०मध्ये ही मुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा याच ३०३वर घडलेल्या शिकागोच्या १९८७च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’च्या आधीची म्हणून तिचा गाजावाजा झाला. मला ही शर्यत गौण वाटते.

यावर पालघर जिल्ह्यातल्या बोईसरकरांचा आक्षेप रास्त आहे : तारापूर एमआयडीसीत पाळीभर यंत्रांची घरघर ऐकायची आणि घरी येऊन पुन्हा तेच, ते कशासाठी? फरक आहे तो निवडीचा. कारखान्यातला आवाज कुणी कानासाठी रचलेला नसतो. तो बदलला तर बिघाड झाला असं समजायचं. इथे मात्र बदलासाठीच सगळी पुनरावृत्ती मांडलेली असते, म्हणून एक सूर हलला तरी कान टवकारतात. आणि असं ऐकणं पालघरला नवं नाही. वारल्यांचा तारपा बघा : वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. तारपकरी दम न तोडता तेच ते सूर घोळवतो. त्याने चाल बदलली की भोवती फिरणाऱ्या नाचणाऱ्यांचे पाय बदलतात. ओळीतल्या प्रत्येकाला तो बारीक फरक कळलेला असतो.

कुणी म्हणेल, तारप्यात माणसाचा श्वास आहे, समोर पाडा नाचतो आहे. यंत्रात यातलं काय आहे? हे खरंच आहे, आणि ती उणीव मी झाकणार नाही. एकट्याच्या मुद्रिकेला नाचणाऱ्यांचे पाय उत्तर देत नाहीत. पण म्हणून तिच्यातली पुनरावृत्ती निर्जीव ठरत नाही. यमन घ्या किंवा मालकंस, ठेका तसूभर हलत नाही म्हणूनच त्यावरची रागाची हालचाल स्वच्छ दिसते. ठेका हलता केला असता, वर चार वाद्यं चढवली असती, तर तीच हालचाल गर्दीत हरवली असती. पुढच्या आठवड्यात बर्लिनच्या बेसिक चॅनल या जोडगोळीकडे वळू. १९९३पासून त्या दोघांनी डब आणि टेक्नो एकत्र आणून ठेकासुद्धा किती गाळता येतो, हे पाहिलं.