पाटीवर नसलेले नाव

वाडी हे आता केवळ खेडे राहिलेले नाही. गोदामे आणि मालमोटारींनी गजबजलेल्या या वस्तीत रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले, की आप्तेष्ट त्याला जवळच्या खाजगी रुग्णालयाकडे घेऊन धावतात. तेथे डॉक्टरांची पदवी पाटीवर वाचावयास मिळते. परंतु रात्रभर रुग्णाच्या उशाशी राहून सुई टोचणाऱ्या परिचारिकेचे नाव अधिकृत नोंदवहीत आहे की नाही, हे सहसा कोणी विचारीत नाही. पांढरा पोशाख हीच तिची सनद समजली जाते. खरा धोका येथेच आहे.

हा प्रश्न नवा नव्हे. इंग्लंडात एथेल बेडफर्ड फेनविक यांनी १८८७ मध्ये संघटना स्थापून परिचारिकांच्या नोंदणीची मागणी केली. सेवावृत्ती परीक्षेने मोजता येत नाही, म्हणून खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तीस विरोध केला. आक्षेप उदात्त होता, पण अपुरा. कारण सेवावृत्तीने औषधाची मात्रा कळत नाही. तेथे कायदा झाला तो १९१९ साली. मुंबई प्रांताने असा कायदा १९३५ मध्ये केला. नागपूर तेव्हा मध्यप्रांतात असल्याने त्याच्या कक्षेबाहेर राहिले. राज्यातील निरनिराळे कायदे एकत्र आणणारा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ चा. पुढे २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला आणि नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास कैदेची व दंडाची तरतूद केली.

मात्र या शिक्षेचा बडगा कोणावर पडणार? चार पैसे वाचविण्यासाठी अप्रशिक्षित मुलीला पांढरा पोशाख चढविणारा मालक नामानिराळा राहून ती बापडीच अपराधी ठरणार असेल, तर तो न्याय नव्हे. चार वर्षे शिकून पदवी घेतलेल्या परिचारिकेचे मोलही याच स्वस्ताईने उतरते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने लहान रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली होती, याचा विसर पडता कामा नये.

आमची मागणी साधी आहे. डॉक्टरांच्या पाटीशेजारीच परिचारिकांची नावे व नोंदणी-क्रमांक लावणे प्रत्येक रुग्णालयास सक्तीचे करावे. आणि बिलाची बेरीज दोनदा तपासणाऱ्या सुशिक्षित नागरिकांनी ती पाटीही एकदा वाचावी. विचारणारा कोणी नसेल, तर उत्तम कायदाही कपाटातच राहतो.