मागं राहिलेल्यांचे भाग

१९८७ साली दूरदर्शनवर 'स्वामी' लागायची तेव्हा नगरच्या माळीवाड्यात आमच्या अख्ख्या वाड्यात एकच टीव्ही होता, खालच्या बिऱ्हाडात, कृष्णधवल. थेऊरचा शेवट आला त्या रात्री पायरीवरही बसायला जागा नव्हती. रवींद्र मंकणींचे माधवराव खंगत चाललेले, मृणाल देवची रमा सती निघालेली, आणि आमच्या बायकांचे पदर डोळ्यांना. आत्याबाई तेवढ्या उठल्या आणि वर जाऊन तांदूळ निवडत बसल्या. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली बाई. मी मागोमाग गेलो तर मान वर न करता म्हणाल्या, "गेली ती गेली रे. जी मागं राहती तिचं कोणी दाखवीत नाही."

पुढे मालिकांवर जे काही लिहिलं ते सगळं या एका वाक्याच्या मापानं लिहिलं.

तरीही 'स्वामी'ला मी आजही मानतो. दिग्दर्शक गजानन जागीरदारांनी माधवरावांच्या क्षयाला वेळ दिला. मरण दारात येऊन बसलंय हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कोणी ते बोलत नव्हतं. दुखणाईताच्या घरात असंच असतं. आता बहुतेक वेळा अपघात होतो, तीनदा तोच धक्का दाखवतात, ढोल वाजतात आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर हार घातलेला फोटो असतो.

खासगी वाहिन्यांच्या पहिल्या काळाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मध्ये मिहिर गेला, देश हळहळला आणि मिहिर परत आला. तेव्हापासून प्रेक्षकाचा मरणावरचा विश्वास उडाला तो उडालाच. त्याच वाटेनं आपल्याकडे पांढऱ्या साड्या आल्या. आमच्या भागात मयताला माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी धावतो. चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते, कडू घास खाऊ घालतात. सावडायला जायचं असतं, दहाव्याला कावळा शिवेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. एवढं सगळं हाताशी असताना इस्त्रीच्या पांढऱ्या साड्या कशासाठी?

हे हाताशी धरलं ते 'रात्रीस खेळ चाले'नं, २०१६ साली. ती भुताची मालिका म्हणून माझ्या काही समीक्षक मित्रांनी बाजूला टाकली होती. त्यांच्याशी माझं तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. सुरुवातीलाच अण्णा जातात आणि पांगलेलं नाईक कुटुंब गावातल्या घरात गोळा होतं. दिवसकार्य व्हायचंय, जमिनीचं बोलायचंय, जुने हिशेब निघताहेत. सुतकातलं घर म्हणजे काय, हे आकेरीच्या त्या वाड्यात जसं दिसलं तसं मराठी मालिकेत क्वचितच दिसलं असेल. पांगलेली भावंडं एका छपराखाली अडकतात, रडू आणि भांडण एकाच जेवणात होतं. भूत बाजूला काढा, तरी दुःख शिल्लक राहतं.

तेच मित्र म्हणतात, लोकांच्या घरी दुःख थोडं आहे का, की त्यांनी संध्याकाळी पुन्हा तेच पाहावं? त्यांनी एकदा प्रवरासंगमला सकाळी यावं. दशक्रियेला शेकड्यांनी माणसं जमतात, प्रवचन ऐकतात, श्रद्धांजलीची भाषणं संपेपर्यंत घाटावर बसून राहतात. दुःखाजवळ बसायची आमच्या लोकांना सवय आहे. शेजारीच नेवासं आहे, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर नामदेवांनी जे अभंग रचले त्यात मागं राहिलेल्या निवृत्तिनाथांचा आकांत आहे. सातशे वर्षांपूर्वी आपल्याला हे लिहिता येत होतं.

ऐतिहासिक मालिकांकडून म्हणूनच माझी अपेक्षा मोठी. 'स्वराज्यरक्षक संभाजी' २०२० च्या फेब्रुवारीत संपली. अमोल कोल्हेंचं काम पाहून मी श्रीगोंद्याकडची गाडी धरली आणि पेडगावला गेलो. भीमेकाठचा तो बहादूरगड, जिथं राजांना आणि कवी कलशांना पकडून आणल्यावर धिंड काढली. पडक्या तटाजवळ उभं राहिलो तेव्हा मला आठवत होत्या येसूबाई. राजे पकडले गेल्यावर त्यांनी राजारामांना गादीवर बसवलं. ११ मार्च १६८९ ला नवरा गेला. दुःख गिळून त्यांनी राजारामांना रायगडाबाहेर काढलं, गड पडल्यावर शाहूंसह कैद झाल्या आणि सुटल्या त्या १७१९ मध्ये. तीस वर्षं! राजांबरोबर मालिकाही संपली, आणि तिथूनच तर येसूबाईंची गोष्ट सुरू होते.

'पुण्यश्लोक अहिल्याबाई' हिंदीत झाली याचं मला वाईट वाटतं, कारण बाई आमच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीची. जिल्ह्याला आता तिचं नाव आहे. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव पडले, ती सती निघाली आणि मल्हाररावांनी तिला मागं फिरवलं. थेऊरची रमा गेली, चौंडीची अहिल्या राहिली. मालिका खंडेरावांनंतरही तिच्याबरोबर चालत राहिली, हे तिचं मोठं श्रेय. पुढं १७६६ मध्ये मल्हारराव, वर्षभरात मुलगा मालेराव गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुलगी मुक्ता सती गेली. स्वतः मागं फिरलेल्या आईला मुलगी मागं फिरवता आली नाही. मराठीत कोणी एवढ्या एका दिवसाचे दहा भाग करावेत, संगीत बंद ठेवून, असं मी कित्येकांना सांगून पाहिलं.

'आई कुठे काय करते'मध्ये २०२४ साली अरुंधतीच्या दुसऱ्या नवऱ्याला, आशुतोषला अपघातात मारलं तेव्हा प्रेक्षक चिडले. मला ती चीड पटली. अरुंधतीनं एवढ्या कष्टानं उभा केलेला दुसरा डाव होता तो.

मरण सरळही दाखवता येतं. अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' नावाच्या मुलांच्या कार्यक्रमात दुकानदार हूपरचं काम करणारे विल ली १९८२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी कार्यक्रमानं मुलांना सरळ सांगितलं की हूपर गेले. बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी सगळ्यांची चित्रं काढून आणतो, वाटतो, आणि हूपरचं चित्र त्याच्या हातात उरतं.

मध्यंतरी एका तरुण मालिकालेखकानं फोन केला. विधवेचा एक प्रसंग हवा होता, तुमच्याकडचं काही सांगा म्हणाला. मी त्याला आत्याबाईंचं सांगितलं. काका गेल्यावर तीन वर्षं त्यांच्या हातून दोघांचंच पीठ परातीत पडायचं. भाकरी थापून झाल्यावर ध्यानात यायचं. मग उरलेल्या भाकरी पदराखाली घेऊन त्या गल्लीच्या तोंडाशी गाईला घालून यायच्या, सासूनं पाहू नये म्हणून.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "छान आहे काका, पण यात पुढं घडतं काय?"

मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोघांचंच पीठ.