लाकडी जमीन आणि न्यूयॉर्कचा भाडेकरार

न्यूयॉर्कमधल्या भाड्याच्या घरांच्या जाहिरातींत भाडे आणि खोल्यांची संख्या यांच्यापाठोपाठ बहुधा ‘हार्डवूड फ्लोअर्स’ हे शब्द येतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी बांधलेल्या इमारतींना तिथे ‘प्री-वॉर’ म्हणतात आणि अशा घरांत लाकडी जमीन सर्रास आढळते. ती दिसायला देखणी असते, पण दगडी फरशीसारखी निर्विकार नसते. लाकूड हवेतला ओलावा शोषते, पावलांचा आवाज खाली पोहोचवते आणि वापराने झिजते. अशा घराच्या भाडेकराराच्या बऱ्याच अटी लाकडाच्या या गुणांतूनच आलेल्या असतात.

‘हार्डवूड’ म्हणजे रुंद पानांच्या झाडांचे लाकूड. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचे ते ‘सॉफ्टवूड’. अमेरिकेत जमिनीसाठी सर्वाधिक वापर होतो तो ओकचा. कठीणपणा मोजण्याच्या जांका चाचणीत 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते पाहतात. तांबड्या ओकचा आकडा 1290 पौंड, पांढऱ्या ओकचा 1360. आपल्याकडे लाकडांचा राजा मानला जाणारा साग या कसोटीत ओकच्या मागे पडतो. सागाचा मोठेपणा कठीणपणात नाही, पाणी आणि वाळवी यांना दाद न देण्यात आहे.

जुन्या पद्धतीच्या जमिनीत सव्वादोन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला त्या खाचेत बसणारी जीभ असते. खिळे जिभेतून ठोकलेले असल्यामुळे वरून दिसत नाहीत. पाऊण इंचाची भरीव पट्टी आयुष्यात अनेकदा यंत्राने घासून नव्यासारखी करता येते. काही इमारतींत छोटे तुकडे चौकटींत जुळवलेली पार्के जमीन असते.

जाहिरातीत ‘हार्डवूड’ लिहिलेले सगळेच भरीव लाकूड नसते. प्लायवूडवर अस्सल लाकडाचा पातळ थर चिकटवलेली ‘इंजिनिअर्ड’ फळी, लाकडाचे छायाचित्र छापलेले लॅमिनेट आणि व्हिनाइल हे त्याचे स्वस्त पर्याय. ओळखण्याची सोपी जागा म्हणजे उंबरठा किंवा हीटरचा नळ जमिनीतून वर येतो ते भोक. तिथे फळीची कापलेली कड उघडी असली, तर आतले थर दिसतात. छापील जमिनीवर तीच गाठ, तीच रेष थोड्या अंतराने पुन्हा भेटते.

घर हिवाळ्यात पाहिले, तर पट्ट्यांमध्ये बारीक फटी दिसतात. 1 ऑक्टोबर ते 31 मे या काळात घर उबदार ठेवणे शहराच्या नियमांनुसार घरमालकावर बंधनकारक आहे. बाहेरचे तापमान 55 अंश फॅरेनहाइटच्या खाली गेले, की सकाळी 6 ते रात्री 10 घरात किमान 68 अंश हवेत. रात्री बाहेर कितीही असले तरी किमान 62. या उष्णतेने हवा कोरडी पडते आणि लाकूड आडव्या अंगाने आकसते. दमट उन्हाळ्यात ते फुगते, फटी मिटतात. ऋतूबरोबर येणारी-जाणारी फट हा दोष नव्हे. पट्टीच्या कडा उचलल्या गेल्या असतील किंवा जमीन फुगून उठली असेल, तर मात्र कुठेतरी पाणी मुरत असल्याचा संशय घ्यावा.

आवाजाचा प्रश्न वेगळा. वरच्या मजल्यावरची टाच खालच्या खोलीत स्पष्ट ऐकू येते. म्हणून अनेक करारांत जमिनीचा 80 टक्के भाग गालिच्याने झाकण्याची अट असते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सहसा त्यातून वगळलेले असते. हा शहराचा कायदा नाही, कराराची अट आहे. पण सही केल्यावर ती पाळावी लागते. त्यामुळे लाकडासाठी घेतलेल्या घरात बरेचसे लाकूड झाकलेच जाते आणि गालिच्यांचा खर्च आधीच धरावा लागतो.

पैशांचे व्यवहार कायद्याने बरेच आखून दिले आहेत. वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या 40 पट असावे, असा घरमालकांचा प्रघात आहे. न्यूयॉर्क राज्याच्या 2019च्या कायद्यामुळे अनामत एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. 11 जून 2025पासून शहरात ज्याने दलाल नेमला त्यानेच दलाली द्यायची, असा नियम आहे.

अनामतीतून काय कापता येते, हा लाकडी जमिनीचा कळीचा मुद्दा. रोजच्या वापराने होणारी झीज कापता येत नाही. चालण्याच्या वाटेवर मंदावलेले पॉलिश, बारीक ओरखडे, उन्हाने बदललेला रंग हे त्यात मोडते. सोफा ओढताना पडलेला खोल चरा, पाळीव प्राण्याच्या मूत्राचे डाग किंवा कुंडीखालचा काळा डाग हे नुकसान धरले जाते. ओकमधल्या टॅनिनचा ओलावा आणि लोह यांच्याशी संयोग झाला, की असे काळे डाग पडतात आणि ते वरवर पुसून जात नाहीत. म्हणून सही झाल्यावर, राहायला जाण्याआधी घराची पाहणी करून जमिनीची अवस्था लेखी नोंदवण्याची सोय कायद्यात आहे. तारखेसह छायाचित्रेही उपयोगी पडतात. सोडतानाही शेवटच्या दोन आठवड्यांत पाहणी मागता येते, म्हणजे दाखवलेल्या त्रुटी दुरुस्त करायला वेळ मिळतो.

निगा राखणे अवघड नाही, पण फरशीची सवय इथे बाजूला ठेवावी लागते. बादलीभर पाण्याने पुसणे आणि वाफेचा मॉप दोन्ही टाळावेत. मऊ केरसुणी किंवा व्हॅक्यूम, मग घट्ट पिळलेले फडके पुरते. खुर्च्या-टेबलांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावाव्यात, कुंडीखाली पाणी न झिरपणारी ताटली ठेवावी, देवापुढच्या समईखाली तबक असावे. चपला दाराशी काढण्याची मराठी घरांची रीत या जमिनीला फार मानवते, कारण बुटांच्या तळाला चिकटलेली वाळू पॉलिशवर सँडपेपरसारखी चालते.

घर सोडल्यावर 14 दिवसांत अनामत परत मिळायला हवी. कपात असेल तर तिचा तपशीलवार लेखी हिशेब मिळायला हवा. तो या मुदतीत दिला नाही, तर कपातीचा हक्कच जातो. वाद मिटला नाही, तर 10,000 डॉलरपर्यंतच्या दाव्यासाठी शहरातल्या लघुवाद न्यायालयात वकिलाशिवाय दाद मागता येते.