वर्गणीतलं मूत्रपिंड

लालबाग मार्केटात गणपतीच्या दिवसांत काय काय होतं, यावर लिहायला मराठी नियतकालिकांनी आता काही शिल्लक ठेवलेलं नाही. नवसाची रांग, मुखदर्शनाची रांग, विसर्जनानंतर सोन्याचांदीचा लिलाव, सगळं लिहून झालं. म्हणून संपादकांनी उलट्या टोकाने जायला सांगितलं. दानपेटीत पडलेला पैसा पुढे कुठे जातो, ते बघा.

त्याचा एक फाटा डायलिसिसकडे जातो. लालबागचा राजा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ डायलिसिस केंद्र चालवतं, प्रभादेवीला सिद्धिविनायक मंदिर न्यासाचंही केंद्र आहे. पेरू चाळीजवळचा बाजार बंद पडल्यावर कोळी आणि व्यापाऱ्यांनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला आणि १९३४ साली मंडळ सुरू झालं, हा इतिहास मंडळाच्या कुठल्याही पत्रकात सापडेल. मी जास्त वेळ बसलो ते मात्र गिरगाव आणि परळच्या मधल्या एका लहान धर्मादाय केंद्रात. तिथल्या माणसांनी बोलण्याआधी एकच अट घातली. केंद्राचं नाव छापायचं नाही, कारण आहे तीच यादी आवरत नाही.

डायलिसिसचं यंत्र दिसायला अगदीच साधं. कंबरेएवढं कपाट, वर पडदा, बाजूला फिरणारा पंप आणि त्याच्या शेजारी उभी अडकवलेली पारदर्शक नळी. ही नळी म्हणजे डायलायझर. तिच्या पोटात केसासारखे बारीक दहा-बारा हजार पोकळ धागे असतात. धाग्यांच्या आतून रक्त जातं, बाहेरून औषधी पाणी. धाग्यांना इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम पाण्यात उतरतात आणि रक्तपेशी आतच राहतात. सगळ्या धाग्यांचा पृष्ठभाग मिळून साधारण दीड चौरस मीटर भरतो. चार तास हे चालतं, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, आणि बहुतेकांसाठी मरेपर्यंत.

हे यंत्र ज्याच्या जागी काम करतं, त्या अवयवाकडे आपण धडधाकट असताना ढुंकूनही बघत नाही. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, दहा ते बारा सेंटिमीटर लांबीची दोन मूत्रपिंडं असतात. वजन प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा मांसाकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा जातो, मिनिटाला लिटरभर. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता असतो आणि तिथे रक्त गाळलं जातं. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते ती दीड-दोन लिटर.

मधलं सगळं कुठे जातं? परत रक्तात. मूत्रपिंडाचा खरा कस इथेच लागतो. ते आधी जवळपास सगळंच बाहेर काढतं आणि मग लांबलचक नलिकेत हवं ते एकेक करून परत घेतं. साखर सगळी परत, सोडियम बहुतेक परत, पोटॅशियम आज किती आहे त्यावर, पाणी तुम्ही किती प्यालात त्यावर. सकाळी मिसळ खाल्ली, दुपारी उन्हात हिंडलात, रात्री दोन तांबे पाणी प्यालात, तरी रक्तातल्या क्षारांचे आकडे जागचे हलत नाहीत. उरलेलं पंचवीस-तीस सेंटिमीटरच्या मूत्रवाहिनीतून थेंबाथेंबाने मूत्राशयात उतरतं. मूत्राशयात चारपाचशे मिलिलीटर मावतं, पण निम्मं भरलं तरी सूचना यायला लागते. शिवाय रक्त तयार करायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडच सोडतं, ड जीवनसत्त्व कामाचं तेच करतं, रक्तदाबावर हुकूम चालवणारं रेनिनही त्याचंच.

यंत्राला यातलं गाळणं तेवढं जमतं. परत घेणं जमत नाही. पाण्यात जे कमी आणि रक्तात जे जास्त, ते पाण्याकडे जातं, एवढाच त्याचा कायदा. त्यामुळे पाण्यात सोडियम किती, पोटॅशियम किती, आज या माणसाच्या अंगातून पाणी किती ओढायचं, हे सगळं कुणीतरी बाहेर बसून ठरवावं लागतं. मूत्रपिंड क्षणाक्षणाला करतं ती निवड इथे माणसाच्या गळ्यात पडते.

या केंद्रात तो माणूस म्हणजे चाळिशीचा एक तंत्रज्ञ. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत वाढलेला, वडील गिरणीत होते. रुग्ण त्याला वयाचा विचार न करता दादा म्हणतात. तो वजनाच्या काट्यापाशी उभा असतो आणि काट्याआधी तोंडाकडे बघतो. "काका, सुकट खाल्लीत ना?" काका आधी नाही म्हणतात, मग थोडीशी म्हणतात. काटा दोन डायलिसिसच्या मधल्या काळात साडेतीन किलो वाढ दाखवतो. ती सगळी पाण्याची. मीठ खाल्लं की तहान, तहान लागली की पाणी, आणि लघवी तर होतच नाही. साडेतीन लिटर चार तासांत ओढले तर बीपी धाडकन खाली येणार, पोटऱ्यांत गोळे येणार, ओकाऱ्या होणार. कमी ओढले तर रात्री आडवं होता येणार नाही, छातीत पाणी. दादा काहीतरी मधला आकडा घालतो, डॉक्टरांना फोनवर सांगतो आणि पुढचे चार तास त्या खुर्चीवर एक डोळा ठेवून असतो.

मग तो हात बघतो. बहुतेक जुन्या रुग्णांच्या डाव्या मनगटाच्या वर किंवा कोपराजवळ शीर दोरखंडासारखी फुगलेली असते. तिथे शस्त्रक्रिया करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेल्या असतात. हाच फिस्टुला. धमनीचं जोरकस रक्त शिरेत घुसतं, सहा-आठ आठवड्यांत शिरेची भिंत जाड होते आणि मग तिला वारंवार जाड सुया टोचता येतात. दादाने मला एका मावशींच्या परवानगीने बोटं ठेवायला लावली. खिशातला मोबाइल सायलेंटवर वाजावा, तशी सलग थरथर. याला ते थ्रिल म्हणतात. थ्रिल थांबला म्हणजे गुठळी झाली, आणि मग मिळेल ती शस्त्रक्रियेची तारीख गाठायची.

ही युक्ती साधी वाटते, पण तिच्यासाठी वीस वर्षं थांबावं लागलं. विलेम कोल्फने नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन नावाच्या गावात १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंड उभं केलं, तेव्हा लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सॉसेजच्या आवरणाचं सेलोफेन गुंडाळलेलं होतं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक बाई वाचली. अडचण यंत्रापेक्षा रक्तवाहिनीची होती. दर वेळी नवी वाहिनी कापायची, आणि माणसाच्या अंगात त्या मोजक्याच. १९६० मध्ये सिएटलच्या स्क्रिब्नरने हातात कायमची टेफ्लॉनची नळी ठेवली, आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या सिमिनो, ब्रेशिया आणि अॅपेल यांनी बाहेरचं काहीही न घालता शीर-धमनी जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज परळजवळच्या या केंद्रात दादाच्या बोटाखाली थरथरते ती हीच.

परळचा स्वतःचा इतिहासही याच काळातला. १९२६ साली सुरू झालेल्या केईएम रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांच्या चमूने मे १९६५ मध्ये मृत व्यक्तीचं मूत्रपिंड बसवून पाहिलं. रुग्ण अकराव्या दिवशी गेला. देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झालं. पुढे केईएमचा मूत्रपिंडविकार विभाग डॉ. विद्या आचार्य यांनी नावारूपाला आणला. पण डायलिसिस हा शब्द मुंबईच्या घराघरांत पोचला तो जयप्रकाश नारायणांमुळे. आणीबाणीच्या कैदेत त्यांची मूत्रपिंडं गेली, नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांना पेडर रोडच्या जसलोक रुग्णालयात आणलं आणि यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. इंदिरा गांधींनी पंतप्रधान निधीतून पाठवलेली रक्कम जयप्रकाशांनी परत केली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीही या शहरात मूत्रपिंड वर्गणीतूनच चालत होतं. मला यात अभिमानासारखं काही वाटतं आणि थोडी लाजही, कारण जो खर्च सरकारने उचलायचा तो आपण नारळ-फुलांच्या सोबत पेटीत टाकतो आहोत.

वर्गणीतून यंत्र येतं हे खरं. फोटो काढता येतो, फीत कापता येते, देणगीदाराचं नाव पितळी पाटीवर लावता येतं. पाण्याच्या खोलीला कुणी पाटी लावत नाही. ती खोली दादाने मला सगळ्यात शेवटी दाखवली आणि तिच्याबद्दलच तो सगळ्यात जास्त बोलला.

धाग्यांबाहेरून जाणारं पाणी मिनिटाला पाचशे मिलिलीटर, म्हणजे एका डायलिसिसला १२० लिटर. आठवड्याला तीन केले तर ३६०. निरोगी माणूस आठवड्यात पंधरा-वीस लिटर पितो, आणि तेही आतड्यांतून गाळून रक्तात जातं. इथे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा. भांडुपहून शुद्ध होऊन आलेलं मुंबईचं पाणी प्यायला चांगलं आहे, पण डायलिसिसला ते विष ठरू शकतं. त्यात जंतू मारायला क्लोरीन असतो, तो रक्तात गेला तर तांबड्या पेशी फुटतात. गाळ बसवायला अॅल्युमिनियमचे क्षार वापरतात. सत्तरच्या दशकात परदेशांत डायलिसिसच्या रुग्णांना भ्रम व्हायचा, बोलणं अडखळायचं, झटके यायचे. पाण्यातलं अॅल्युमिनियम मेंदूत साचत होतं, हे नंतर उमगलं. म्हणून आधी वाळूची गाळणी, मग क्षार काढणारी टाकी, मग कोळशाची टाकी क्लोरीनसाठी, मग आरओ, आणि तिथून खुर्च्यांपर्यंत सतत फिरती नळी, कुठेही पाणी साचू न देणारी. दर पाळीआधी दादा कोळशाच्या टाकीनंतरचं पाणी घेऊन क्लोरीन तपासतो. ही तपासणी चुकवली तर पडद्यावर काही दिसत नाही, रुग्णाचं रक्त मात्र फुटायला लागतं.

मे महिन्यात पाणीकपात लागली की टँकर येतो. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं, हे दादाला कुणी सांगत नाही, आणि गाळण्या अर्ध्या दिवसात तुंबतात. जूनमध्ये पाणी गढूळ. जुलैत हिंदमाता चौकात पाणी तुंबतं आणि रुग्णच पोचत नाहीत. अनंत चतुर्दशीला लालबाग-परळचे रस्ते बंद, म्हणून त्या दिवसाची पाळी आदल्या रात्री उरकतात. ज्या उत्सवाने पैसा दिला तोच उत्सव रस्ता अडवतो, यावर दादा नुसता हसला.

रुग्ण येतात कुठून? पूर्वी इथलेच होते. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले तशी माणसं बदलापूर, नालासोपारा, दिव्याला गेली. स्वस्त खुर्ची मात्र इथेच राहिली. पहाटेच्या लोकलला फिस्टुलाचा हात छातीशी धरून उभं राहायचं, कारण त्या हातावर धक्का नको, त्या हाताने कडी धरायची नाही, बादली उचलायची नाही, बीपी मोजू द्यायचा नाही. चार तासांनी अंगातली ताकद पिळून निघालेली, आणि परत तीच लोकल. नोकरी टिकते ती फार थोड्यांची. महात्मा जोतिराव फुले योजनेत डायलिसिसचा खर्च मिळतो, पण लोकलचा, सोबत आलेल्या बायकोच्या बुडालेल्या रोजाचा आणि एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांचा हिशेब घरीच राहतो. मग तीनचे दोन होतात. कागदावर तिसरं डायलिसिस रुग्णाने "नाकारलं" असतं.

रुग्णालयाच्या दारात शहाळंवाला असतोच. भेटायला येणारे कौतुकाने शहाळं आणतात. त्यात भरपूर पोटॅशियम असतं, आणि ज्याची लघवी बंद आहे त्याच्या रक्तात ते वाढलं तर हृदय थांबू शकतं. केळं, संत्रं, डाळींचं पाणी, सगळ्यावर तीच तलवार. दादाने नवीन रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक कागद छापून घेतला आहे आणि त्यावर पहिलं वाक्य शहाळ्याबद्दल आहे.

येणाऱ्यांत मधुमेह आणि रक्तदाबाचे बहुसंख्य. उरलेल्यांत वर्षानुवर्षं दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेतलेले काही. अनेकजण पहिल्यांदा येतात तेच धाप लागलेल्या अवस्थेत, हातात फिस्टुला नाही, म्हणून मानेत नळी घालून सुरुवात करावी लागते. नळीतून जंतू रक्तात जातात. फिस्टुला सहा महिने आधी केला असता तर, असं दादा दर आठवड्याला कुणाला तरी म्हणतो आणि ज्याच्यावर रागवावं असं कुणीच समोर नसतं.

सुटका प्रत्यारोपणाची. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत व्यक्तीचं दान शक्य झालं आणि मुंबईत विभागीय समन्वय केंद्र यादी सांभाळतं. यादीत हजारो नावं, आणि शहरात मेंदूमृत दाते वर्षाला शंभरही होत नाहीत. घरात कुणाचं जुळलं तर ठीक. बायका नवऱ्याला देतात, आया मुलांना देतात. उलट दिशेचं उदाहरण इथे विचारलं, तेव्हा दादाला आठवायला वेळ लागला.

केंद्राची स्वतःची यादी वेगळी, वहीत लिहिलेली. खुर्ची मोकळी होते ती कुणाला मूत्रपिंड मिळालं की, कुणी गावी गेलं की, किंवा कुणी गेलंच की. यादीतला पुढचा फोन दादाच लावतो. खुर्ची कशी मोकळी झाली, हे पलीकडून कुणी विचारत नाही, असं तो म्हणाला. विचारतात ते एवढंच, सकाळची पाळी मिळेल का, कारण दुपारच्या पाळीला कामावर खाडा होतो.