कोर्टाच्या खोल्या वाढल्या तर व्यापाऱ्याचा पैसा सुटेल

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. 16 तालुके आणि 2011 च्या जनगणनेनुसार 27 लाख 72 हजार लोकसंख्या. येथील धंदा बराचसा उधारीवर आणि पुढच्या तारखेच्या चेकवर चालतो. चेक वटला नाही की व्यापाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून कोर्ट व कारागृह वाढविण्याचा विषय निघाला की “हे वकिलांचे आणि सरकारचे काम” असे म्हणून आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी पाठ फिरवू नये.

न वटलेल्या चेकसाठी फौजदारी कारवाईची तरतूद 1 एप्रिल 1989 पासून आहे. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, देणेकऱ्याला 15 दिवसांची मुदत आणि त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. व्यापाऱ्याने या मुदती पाळायच्या. खटला शक्यतो 6 महिन्यांत संपवावा, असेही कायदा सांगतो. प्रत्यक्षात 2019 अखेर देशात पडून असलेल्या 2 कोटी 31 लाख फौजदारी खटल्यांपैकी 35 लाख 16 हजार खटले चेकचे होते. तेवढे भांडवल तारखांमध्ये अडकले!

असे का होते? 10 लाख लोकांमागे 50 न्यायाधीश असावेत, असे सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये सांगितले. त्या हिशेबाने एकट्या यवतमाळ जिल्ह्याला सुमारे 138 न्यायाधीश लागतील. देशाचे प्रमाण मात्र 21 च्या आसपासच आहे. शिवाय न्यायाधीश नेमले तरी त्यांना बसायला जागा हवी. देशात न्यायाधीशांची मंजूर पदे 24,280 आणि कोर्ट हॉल 20,143, हा हिशेब सरन्यायाधीश रमणा यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये औरंगाबाद येथे (आता छत्रपती संभाजीनगर) हायकोर्टाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात मांडला. त्या इमारतीलाच दहा वर्षे लागली होती.

कारागृहाची गोष्ट याहून वेगळी नाही. 2022 अखेर देशातील कारागृहांची क्षमता 4,36,266 होती आणि आत 5,73,220 माणसे होती. त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. शिक्षा झालेले कैदी बाजूला ठेवले तरी कच्च्या कैद्यांनीच कारागृहे भरून जातात. तेव्हा नुसत्या बराकी बांधून गर्दी हटणार नाही. कोर्ट वेगाने चालले तरच कारागृह मोकळे होईल. पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडावे, अशी तरतूद 1 जुलै 2024 पासून लागू आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले त्यातून वगळले आहेत. पण तो हुकूमही कोर्टालाच द्यावा लागतो.

आराखडा, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि मग निविदा, असा सरकारी बांधकामाचा क्रम असतो. आराखडा कागदावर असेपर्यंत बदल सोपा. भिंती उभ्या राहिल्यावर कोणी ऐकत नाही. उमरखेड किंवा वणीहून यवतमाळ शंभरेक किलोमीटर पडते आणि तारखेच्या दिवशी दुकान बंद राहते. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी किती कोर्ट हॉल, पक्षकारांना बसायला जागा, पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि कारागृहाशी जोडणारी व्हिडिओची खोली या गोष्टी व्यापारी संघटनांनी वकील संघाबरोबर आताच मागाव्यात.

शेवटी कारागीर बंधूंसाठी. दारे, ग्रिल, फर्निचर, वायरिंग ही कामे बहुधा मोठ्या ठेकेदाराकडून हाती येतात. तोंडी शब्दावर माल देऊ नका. उद्यम नोंदणी मोफत होते, ती आधी करा. लेखी ऑर्डर आणि माल पोचल्याची सही घ्या. सूक्ष्म व लघु उद्योगाच्या मालाचे पैसे देण्यासाठी 45 दिवसांहून जास्त मुदत करारानेही ठरविता येत नाही, असा 2006 चा कायदा आहे. कोर्ट बांधणाऱ्या सुताराला आपल्याच पैशासाठी त्या कोर्टात फेऱ्या माराव्या लागू नयेत.